खट की खुट

मुनव्वर मिस्त्रीनं आधी गाडी पाहिलीच नाही.
सुपारी कातरता कातरता विचारलं,
खट वाजते की खुट?

मी म्हटलं, खट. मग म्हटलं, थांबा.
पाचपावलीच्या पुलावरून उतरताना
प्रत्येक सांध्याला एकदा. डावीकडून, पुढून.
ब्रेक दाबला तर नाही,
सोडला की वाजते,
आणि मागं काच भरली असली
की काच ती ऐकते, माझ्याआधी.
बारा एमएमचे सहा ताव, लाकडी घोडीला बांधलेले,
कुजबुजत येतात कळमन्यापासून गांधीबागेपर्यंत.

"वळताना?"
वळताना करकर. ती वेगळी, ती जुनी आहे.
"जुनी म्हणजे?"
म्हणजे घरची.

तो हसला नाही.
म्हणाला, गाडी एकोणीस वर्षांची,
आवाजातही भाऊबंदकी असते,
कोण कोणाच्या नावानं ओरडून राह्यलं
ते पाहा लागते.

पहिल्या दिवशी शॉकअप बदलले. दोन्ही.
अठ्ठावीसशे गेले, खट राहिली.
दुसऱ्या दिवशी चाक उचललं,
बारा-सहाला धरून झुलवलं, किंगपिन घट्ट.
नऊ-तीनला धरून झुलवलं, टायरॉड घट्ट.
घड्याळ सगळं ठीक होतं.
मग मिस्त्रीनं लांब पेचकस पाट्याला टेकवला,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले,
आणि मी बंपरवर उभा राहून उड्या मारल्या,
मे महिन्यात, साडेअकराला,
टेका नाक्यावरच्या टिनाखाली.
"सगळीकडूनच येते," तो म्हणाला.
"लोखंड चुगली करते, पण पत्ता सांगत नाही."

तिसऱ्या दिवशी बाबा सोबत आले,
घरी करमत नाही म्हणून.
चौतीस वर्षं पॉवरलूमवर, गोळीबार चौकात.
कान तिथंच ठेवून आले.
आता हाक मारायची तर खांद्याला हात लावतो आम्ही.
त्यांनी कोणाला विचारलं नाही काय झालं.
पायजमा वर खोचला, चाकाशी उकिडवे बसले,
पाट्याच्या मागच्या टोकावर, जिथं शेकल लोंबते,
तळवा ठेवला
आणि मानेनंच म्हणाले, हलव.

मी हलवली.
हात वीतभर पुढं सरकला. हलव.
यू-बोल्टवर. हलव.
परत मागं. तिथं थांबला.

डबा घेऊन जायचो तेव्हा पाहिलेला तो चेहरा.
चाळीस माग एकदम ओरडत असायचे,
आणि हा माणूस एका चौकटीवर हात ठेवून
कोणता धोटा अडखळतो ते सांगायचा.

"इथं," ते म्हणाले, जरा मोठ्यानंच.
आपला आवाज केवढा, त्यांना कळत नाही.
"ठोका इथं बसते. बाकीचे नुसते ऐकून राह्यले."

पिन निघाली. बुश निघाला,
म्हणजे बुशचं जे होतं ते,
एका अंगानं झिजून विडीच्या पानाएवढं पितळ.
मुनव्वरनं ते उन्हात धरलं.
"ही तर खुट होती," तो म्हणाला.
"तू खट म्हटलं, म्हणून मी शॉकअपवर गेलो."
मी काय बोलणार.
नव्वदचा एक, दोन घातले, ग्रीस भरलं.
मजुरी घेतली नाही त्यानं,
शॉकअपचा विषयही काढला नाही.

परतताना पूल.
पहिला सांधा. काहीच नाही.
दुसरा.
मला उगाच चुकल्यासारखं झालं,
कोणी बोलता बोलता उठून गेल्यासारखं.
बाबांचा तळवा डॅशबोर्डवर होता, बोटं फाकलेली.
चौथ्या सांध्यानंतर त्यांनी तो उचलला
आणि दारावर ठेवला.
बराच वेळ.

"याचे कब्जे पाह्य," म्हणाले,
"हे बी बोलतीन लवकर."